शटर दाबल्यावर मान खाली घालू नका

रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो काढायचे तर लेन्स कुठली, यावर नवखी मंडळी महिनोन्‌महिने घालवतात. ३५ असो की ५० मिमी, हाताशी असेल ती घ्या. फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी, लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/८, फोकस हाताने ३ मीटरवर लावून ठेवला की साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं नीट स्पष्ट येतं. चालत्या माणसासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा. पुढे निघा.

खरी गोची क्लिकनंतर असते. मान आपोआप स्क्रीनकडे वळते. माझी अजूनही वळते, विशेषतः गर्दीत बुजले की. एक तर त्या क्षणी तुमचा चेहरा चोरासारखा दिसतो. समोरचा माणूस कॅमेऱ्याला फारसा बिचकत नाही, घाईघाईने खाली गेलेल्या नजरेला बिचकतो. दुसरं म्हणजे पहिला फोटो बहुतेक वेळा नुसती सुरुवात असते. बसथांब्यावर एक आजी तळहातावर नाणी मोजत होत्या, ओठ हलत होते. क्लिक केल्यावर कॅमेरा तसाच डोळ्याला लावून ठेवला. हिशोब जुळला, कपाळावरची आठी गेली आणि मूठ मिटता मिटता चेहरा असा काही खुलला! ठेवण्याजोगा फोटो तो. स्क्रीन बघत बसले असते तर नाण्यांवरच समाधान मानावं लागलं असतं.

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ‘इमेज रिव्ह्यू’, म्हणजे क्लिकनंतर फोटो आपोआप स्क्रीनवर दिसण्याची सोय, आजच बंद करा. कॅमेरा खाली आला की समोरच्याकडे बघा, हसा. विचारलंच तर खरं सांगा, फोटो दाखवा. नको म्हणाले तर तिथेच डिलीट करा, हुज्जत नको. बहुतेक लोक हसून पुढे जातात, खरंच. पहिले काही दिवस छातीत धडधडणारच. त्यावरून आपल्याला हे जमणार नाही असं ठरवू नका.

कॅमेरा लपवायचा सल्ला देणारे गुरू मला पटत नाहीत. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या सबवेत (भुयारी रेल्वेत) कोटाआड कॅमेरा ठेवून प्रवाशांचे फोटो काढले, हे उदाहरण हमखास दिलं जातं. त्यांचं पुस्तक १९६६ साली आलं, हे कुणी सांगत नाही. आपण त्याच संध्याकाळी पोस्ट करतो. आणि दहा-दहा विद्यार्थी एका विक्रेत्याभोवती उभे करणाऱ्या वर्कशॉपला पैसे देऊ नका. तिथे घेरलेल्या माणसाचा चेहरा मिळतो, बाकी काही नाही.

फूटपाथवर झोपलेली, नशेत पडलेली माणसं सोडून द्या. त्यांना ‘नको’ म्हणताच येत नाही.

कायद्याचं मात्र गृहीत धरू नका. न्यूयॉर्कमध्ये २००६ साली रस्त्यावर न विचारता काढलेल्या एका पोर्ट्रेटवरचा दावा कोर्टाने फेटाळला. फोटो कला म्हणून मान्य झाला. उलट क्यूबेकमध्ये एका १७ वर्षांच्या मुलीचा इमारतीच्या पायरीवर बसलेला फोटो परवानगीशिवाय छापला गेला, तेव्हा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली तिला मिळालेली २,००० डॉलरची भरपाई कायम ठेवली. काढणं आणि छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या शहरात दोन्हींचे नियम काय आहेत ते आधी विचारून घ्या, आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय काहीही टाकू नका.