भाडं की हप्ता? सही करायच्या आधी हा हिशोब करून बघा

"एवढं भाडं भरताय, त्यात थोडी भर घालून हप्ता भरला असता तर घर तरी झालं असतं." भाड्याने राहणाऱ्या माणसाला हे कुणी ना कुणी ऐकवतंच. ऐकायला बरोबर वाटतं पण तुलनाच चुकीची आहे. भाडं गेलं की गेलं हे खरंय, पण हप्त्यातला बराच पैसा पण तसाच जातो आणि ते कुणी बोलत नाही. त्यामुळे एका बाजूला भाडं ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला घर घेतल्यावर जो पैसा कायमचा जाणार आहे फक्त तेवढाच ठेवायचा.

हप्त्याचं पोट फाडून बघू. 1 लाखाचं कर्ज, 8 टक्के व्याज, 20 वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण 836. पहिल्या हप्त्यातले 667 नुसते व्याजाचे, मुद्दलात 170 पण जात नाहीत. 5 वर्षं इमानेइतबारे भरलं म्हणजे 50 हजारांच्या वर भरून झाले, तरी बाकी किती तर साडेसत्त्याऐंशी हजार! हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दल जास्त जायला लागतं ते 11 वर्षं उलटल्यावर, आणि शेवटी एकूण भरलेले होतात 2 लाखांच्या वर. म्हणजे पहिली काही वर्षं तुम्ही पण भाडंच भरताय, फक्त घरमालकाच्या जागी बँक आहे.

आता पूर्ण घराचं गणित. किंमत 100 धरा (शून्यं तुमची तुम्ही लावा). 80 कर्ज, 20 स्वतःचे, वर नोंदणी, दलाली, किरकोळ कामं याचे समजा 5. पहिल्या वर्षी व्याज जाणार साधारण 6.3. मेंटेनन्स, घराचा कर, विमा, दुरुस्ती मिळून 1.2 धरू. आणि जे 25 तुम्ही घरात अडकवले ते कुठे ठेवले असते तर 6 टक्क्यांनी दीड आलं असतं, ते पण गेलं, लोक हे हमखास विसरतात कारण हा पैसा खिशातून जाताना दिसतच नाही. बेरीज 9. तसंच घर भाड्याने वर्षाला 3 मध्ये मिळत असेल तर फरक 6 चा आहे, म्हणजे घराची किंमत दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढली तर कुठे तुम्ही भाडेकरूच्या बरोबरीला येता. भाडं 6 असेल तर मात्र किंमत 3 टक्के वाढली तरी पुरतं. म्हणून तुम्हाला हवं तसं घर त्याच भागात भाड्याने केवढ्याला मिळतंय ते आधी शोधा आणि किमतीला वर्षाच्या भाड्याने भागा. उत्तर 15 च्या आत आलं तर घ्यायचा विचार जोरात करा, 20 च्या वर गेलं तर भाड्यातच शहाणपण असायची शक्यता जास्त. हा ठोकताळा आहे हां, व्याजदर चढे असतील तर 15 ला पण घर महागच पडतं, आणि स्वस्त कर्जाच्या काळात 22 पण चालून जातं.

पण मी भाड्याची वकिली करतोय असं समजू नका. भाडं वाढतं, हप्ता (व्याजदर स्थिर राहिला तर) वाढत नाही. वरच्या उदाहरणात हप्ते वर्षाला 8 आणि भाडं 3, भाडं दरवर्षी 6 टक्के वाढलं तर 12 वर्षांत दुप्पट होतं आणि 17 वर्षांत हप्त्याला गाठतं. त्यानंतर भाडं चढतच राहणार आणि कर्ज मात्र 3 वर्षांत संपणार. आणि भाड्याचा सगळा फायदा एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे वाचलेला फरक तुम्ही खरंच दर महिन्याला गुंतवणार का. कागदावर सगळे गुंतवतात, प्रत्यक्षात तो पैसा नवीन फोन, फिरणं, कुणाचं तरी लग्न यात जातो. महिनाअखेर खात्यात काही उरतच नाही अशी सवय असेल तर हप्ता ही सक्तीची बचत आहे, महागडी आहे पण आहे.

मग किती वर्षं राहणार हा प्रश्न. घेतानाचे ते 5 गेले ते गेलेच. 2 वर्षांत विकलं तर वर्षाला अडीचचा फटका, 10 वर्षं राहिलात तर वर्षाला फक्त अर्धा, आणि विकताना परत दलाली आहेच. नोकरी बदलायची शक्यता आहे, गाव बदलेल, घरात माणसं वाढतील, असं काहीही 5 वर्षांच्या आत दिसत असेल तर मी तरी घेणार नाही.

आता पगार. बँक किती कर्ज मंजूर करते त्यावरून ठरवू नका, बँक तिचे पैसे परत येतील का एवढंच बघते, तुम्ही महिना कसा काढाल हा तिचा प्रश्न नाही. हातात येतो तो पगार धरा, बोनस आणि ओव्हरटाइम सोडून द्या, दोघं कमावत असाल तर एकाच्या पगारावर हप्ता आणि जेवणखाण निघतंय का ते बघा, कारण बाळंतपण, आजारपण, नोकरी जाणं यातलं काहीतरी 20 वर्षांत होणारच. कमाई कमीजास्त होत असेल तर गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष घ्या आणि त्याचं महिन्याचं सरासरी उत्पन्न धरा. या रकमेच्या 30 टक्क्यांपर्यंत घराचा हप्ता, आणि गाडीबिडीचं धरून सगळे हप्ते मिळून 40 च्या आत.

यातून एक सोपा आकडा निघतो. 8 टक्के आणि 20 वर्षं असेल तर 30 टक्के हप्त्यात बसणारं कर्ज म्हणजे हातात येणारे साधारण 36 महिन्यांचे पगार. 3 वर्षांचा पगार, बस. त्यात तुमच्याकडे साठलेले पैसे मिळवा आणि नोंदणी-दलालीचा वरचा खर्च वजा करा, तुमचं बजेट आलं. दलालाला फोन करायच्या आधी हा आकडा कागदावर लिहून ठेवा, नाहीतर घरं बघता बघता बजेट कधी सरकलं ते कळत पण नाही.

साठलेले सगळे पैसे डाउन पेमेंटमध्ये ओतू नका. सगळं भरून झाल्यावरही 6 महिन्यांचा घरखर्च अधिक हप्ते एवढे पैसे चटकन काढता येतील असे हातात पाहिजेत, धंदा किंवा फ्रीलान्स असेल तर वर्षभराचे. तेवढे नसतील तर घर परवडत नाहीये असंच धरा, कर्ज मंजूर झालं असलं तरीसुद्धा.

फ्लोटिंग व्याज (म्हणजे मधेच वरखाली होणारा व्याजदर) असेल तर अजून एक बघा. 8 चे 9 टक्के झाले की तोच 836 चा हप्ता 900 होतो. किंवा बँक हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवते, मग 20 वर्षांची 25 च्या पुढे जातात आणि तुम्हाला पत्ता पण लागत नाही कारण खात्यातून तर तेवढेच कटतायत. त्यामुळे व्याजदर 2 टक्के जास्त, म्हणजे 8 ऐवजी 10 धरून हप्ता काढा, साधारण 965 येतो, तो झेपत असेल तरच पुढे जा.

घरमालकाने अचानक घर सोडायला सांगणं, मुलांची शाळा, भिंतीला खिळा मारायला पण परवानगी, या गोष्टींना किंमत आहे, नाही कशाला म्हणू. फक्त त्या मनःशांतीसाठी महिन्याला किती जास्त मोजताय तो आकडा डोळ्यासमोर ठेवा आणि मग खुशाल मोजा.

एवढं करूनही ठरत नसेल तर 6 महिने रंगीत तालीम करा. होणारा हप्ता अधिक मेंटेनन्स यातून आत्ताचं भाडं वजा करा, उरलेली रक्कम पगार झाल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. एकदाही पैसे काढायला लागले नाहीत तर हप्ता झेपतोय, आणि डाउन पेमेंटमध्ये तेवढी भर पण पडली. तिसऱ्याच महिन्यात काढायला लागले तर हप्त्याचा आकडा खाली आणा, म्हणजे लहान घर बघा किंवा अजून 2 वर्षं साठवा, पण मुदत 30 वर्षं करून हप्ता बसवू नका. त्याने लाखाला महिना शंभरेक वाचतात आणि शेवटी 63 हजार जास्त भरले जातात.