मदतीची भिशी: जर्मनीत ऑनलाइन दुकान चालवताना

2019 च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर आलेली असताना, स्टुटगार्टच्या आमच्या घरी एक जाड लिफाफा आला. मी तेव्हा कॉटन-सिल्कच्या ओढण्या विकत होते. दुकान सुरू होऊन जेमतेम दहा महिने झाले होते. पत्र एका वकिलाच्या कार्यालयातून आलं होतं. माझ्या पानावर नुसतं 'कॉटन-सिल्क' लिहिलं होतं, सूत किती टक्के आणि रेशीम किती टक्के ते दिलेलं नव्हतं. युरोपात कापडाच्या प्रत्येक धाग्याचं प्रमाण सांगावं लागतं, तेही ज्या देशात विकता त्या देशाच्या भाषेत. मला हे ठाऊकच नव्हतं. पत्रासोबत माझ्या तीन महिन्यांच्या नफ्याहून मोठ्या रकमेची मागणी होती आणि सही करून परत पाठवायचा एक कागद होता. मुदत आठ दिवसांची.

या पत्राला इथे 'आबमानुंग' म्हणतात, म्हणजे धंद्याचा नियम मोडल्याबद्दल वकिलामार्फत येणारी ताकीद. घाबरून मी पेन हातात घेतलंच होतं. मग गणपतीत ओळख झालेल्या एका ताईंना फोन केला. त्या स्वतः घडवलेले दागिने विकायच्या. संध्याकाळी घरी आल्या, पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आहे तशी सही करू नकोस. आणि फेकूनही देऊ नकोस." त्या कागदावर सही करणं म्हणजे हीच चूक पुन्हा झाली तर दंड भरण्याचं वचन देणं, आणि ते वचन वर्षानुवर्षं मानेवर राहतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासोबत वकिलाकडे आल्या. वकिलाने वचनाचा मजकूर बदलून मर्यादित केला आणि रक्कमही कमी करून घेतली. (डिसेंबर 2020 पासून कायदा थोडा सौम्य झालाय. वेबसाइटवरची माहिती अपुरी असल्याच्या कारणावरून प्रतिस्पर्धी दुकानदाराला आता वकिलाचा खर्च मागता येत नाही. व्यापाऱ्यांच्या आणि ग्राहकांच्या संघटना मात्र अजूनही खर्चाच्या मागणीसह पत्र पाठवू शकतात, तेव्हा निर्धास्त राहू नका.)

त्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली. माहिती सगळीकडे पडलेली असते. आपलं पत्र शेजारी बसून वाचणारं माणूस मात्र मिळत नाही. म्हणून आम्ही चौघींनी भिशी सुरू केली. पैशांची नाही, लक्ष देण्याची. महिन्यातून एक रविवार, पाळीपाळीने एकीचं घर. जिची पाळी तिचंच दुकान त्या दिवशी टेबलावर, आणि बाकीच्यांची डोकी तीन तास तिच्या कामाला. पुढे मंडळी वाढली, दोन दादाही आले, पण पाळी मोडली नाही. हे आवर्जून सांगते, कारण आधी मी मोबाइलवर मोठा ग्रुप करून पाहिला होता. शंभरावर लोक झाले, शुभेच्छा आणि जाहिराती आल्या, आणि जिला खरी अडचण होती ती गप्प राहिली. शंभर जणांसमोर 'मला हे कळत नाही' म्हणायला जीव धजावत नाही. आठ जणांसमोर धजावतो.

एका पाळीचं सांगते. कुर्त्या विकणाऱ्या एका मैत्रिणीने परत आलेली सगळी पार्सलं पलंगावर मांडली. इथे ग्राहकाला माल हातात पडल्यापासून 14 दिवसांत कारण न देता तो परत करता येतो, आणि तिच्याकडे तर ढीग लागला होता. ती म्हणाली, "माझा मालच वाईट असणार." आम्ही टेप घेऊन बसलो. तिच्या लेबलवरचा 38 म्हणजे आपल्याकडचा, 38 इंच छाती, म्हणजे साधारण 96 सेंटीमीटर. जर्मन बाईचा 38 म्हणजे 88 सेंटीमीटरच्या आसपास. दोन्हीकडे आकडा तोच आणि मापात तीन इंचांचा फरक! प्रत्येक कुर्ती गादीवर पसरून आम्ही छाती, खांदा, उंची सेंटीमीटरमध्ये मोजली आणि एकीने वहीत उतरवली. त्या रात्रीच तिने पानावरची मापं बदलली. पुढच्या पाळीला ढीग नव्हता, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो अपराधी भावही नव्हता.

नवीन माणूस आलं की आम्ही आधी त्याचं निवास परवान्याचं कार्ड पाहतो. पतीच्या वा पत्नीच्या परवान्यावर आलेल्यांच्या कार्डावर बहुधा कोणतंही काम करायची मुभा लिहिलेली असते, त्यात धंदाही आला. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, नोकरी करणाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना धंद्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. हे पाहिल्याशिवाय धंद्याची नोंदणी करू नका, परवान्याशी खेळ नको. नोंदणी पालिकेत होते, अर्ज सोपा आहे. त्यानंतर फिनान्झआम्टचा, म्हणजे कर खात्याचा, लांबलचक फॉर्म 'एल्स्टर' या सरकारी पोर्टलवर भरायचा. त्याचा सांकेतिक क्रमांक पोस्टाने येतो, म्हणून खातं लवकर उघडून ठेवा. छोट्या धंद्याला विक्रीकर न आकारण्याची सवलत आहे. 2025 पासून त्यासाठी आदल्या वर्षाची उलाढाल 25,000 युरोंच्या आत असावी लागते.

नवख्यांचं घोडं हमखास दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे खोका. तुम्ही पाठवता तो पुठ्ठा, ती चिकटपट्टी, तो बबल रॅप, या सगळ्याच्या विल्हेवाटीचे पैसे आधी भरायचे आणि 'लुसिड' या वेष्टनांच्या नोंदवहीत नाव घालून क्रमांक घ्यायचा. एकच पार्सल पाठवलं तरी. जुलै 2022 पासून ऑनलाइन बाजारपेठांनाही हा क्रमांक तपासावा लागतो, तो नसेल तर तुमचा माल त्यांना विक्रीला ठेवता येत नाही. दुसरं म्हणजे आरोग्य विमा. जोडीदाराच्या विम्यात फुकट सामावलेल्या असाल तर मिळकतीला मर्यादा आहे. 2025 साली ती महिना 535 युरो होती. इथे विक्री नव्हे, नफा धरतात. धंदा हाच मुख्य व्यवसाय ठरला तर नफा कमी असूनही ती सोय जाते. आमच्यातल्या एकीला हे उशिरा कळलं आणि मागचे हप्ते एकदम भरावे लागले. त्या महिन्यात ती आमच्याकडे रडली, आणि आम्ही तिला रडू दिलं. तेही या भिशीचं कामच आहे.

काय विकायचं यावरही आम्ही एकमेकींना थांबवतो. घरचं उटणं आणि काजळ प्रेमाने केलेलं असलं तरी इथे ते सौंदर्यप्रसाधन ठरतं, आणि सुरक्षिततेचा अहवाल असल्याशिवाय विकता येत नाही. नकली दागिन्यांत शिसं आणि कॅडमियम किती असावं याला कडक मर्यादा आहे. आकाशकंदील कागदाचा विका. वायर आणि होल्डर जोडलात की तो विजेची वस्तू होतो आणि वेगळी नोंदणी मागे लागते.

कंदिलांनीच आमच्यात एकदा वितुष्ट आणलं. तिघींनी मिळून साठ कंदील मागवले, खोका दबून आला, अकरा चुरगळले. कोणाचे अकरा? तोंडी ठरलेलं कोणालाच नीट आठवेना. एक मैत्रीण चार महिने आली नाही, आणि त्यात चूक माझी होती. मागवायचं मी ठरवलं होतं, लिहून ठेवायला हवं होतं. आता एकत्र माल मागवायचा तर आयात कोणाच्या नावावर आणि तुटफूट कोणाची, हे पैसे देण्याआधी वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या होतात. नाव ज्याचं, मालाची जबाबदारीही कायद्याने त्याची. डिसेंबर 2024 पासून युरोपातला उत्पादन-सुरक्षेचा नियम कडक झालाय, वस्तूसाठी युरोपातच कोणीतरी जबाबदार असावं लागतं आणि त्याचं नाव-पत्ता वस्तूसोबत द्यावा लागतो. मैत्रिणीच्या भरवशावर तिच्या नावाने माल उतरवू नका.

एकच वस्तू विकणाऱ्या दोघी एका टेबलावर कशा बसतात, असं मला नेहमी विचारतात. आमचा नियम सरळ आहे: अडचण सगळ्यांची, पुरवठादाराचा पत्ता ज्याचा त्याचा. मागायचा नाही. कोणी आपणहून दिला तर उपकार मानायचे. आणि कराचा सल्ला आम्ही देत नाही. जर्मनीत तो अधिकार कायद्याने ठरावीक लोकांनाच आहे. 'माझ्या बाबतीत असं झालं' एवढंच सांगतो, पुढे करसल्लागाराकडे पाठवतो.

तुमच्या गावात दोघीच असाल तरी पाळी लावा. पहिल्या रविवारी चहा ठेवा आणि भीतीने न उघडलेली सगळी पत्रं टेबलावर आणा. आमच्याकडे मागच्या महिन्यात नांदेडहून आलेली एक मुलगी पर्समध्ये सहा लिफाफे घेऊन आली होती. चार नुसत्या पोचपावत्या निघाल्या. उरलेल्या दोनांसाठी मी मंगळवारी तिच्यासोबत जाणार आहे.