तंत्रप्रेमींचा ऑनलाइन समूह सुरू करण्याआधी

समूह काढायचा ठरलं की नाव आणि लोगो यांवरच चर्चा रंगते. ती बाजूला ठेवा आणि आधी विषय आवळा. नुसतं ‘टेक्नॉलॉजी’ म्हणून भागत नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारे, रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला सेन्सर जोडणारे, कीबोर्ड स्वतः सोल्डर करणारे, यांतले आपले कोण हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

मग माणसं जमवा. सुरुवातीला दहा-बारा पुरेत, पण स्वतः खटपट करणारी हवीत. आलेला प्रश्न एक दिवसही अनुत्तरित राहणार नाही, एवढं त्यांच्याशी पक्कं ठरवून घ्या. सगळ्या तयारीत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. कुणी विचारतं, “अपडेटनंतर वायफाय गायब झालंय, काय करू?” त्यावर “गूगल कर” एवढंच उत्तर मिळालं, तर तो माणूस पुन्हा फिरकत नाही. “मशीन कोणतं? वायफाय कार्ड कोणत्या कंपनीचं? जुन्या कर्नलने बूट केल्यावर चालतं का?” (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) असं कुणी विचारलं, तर तो थांबतो. उपाय लागू पडला की नेमकं काय केलं ते त्यालाच तिथे लिहायला सांगा. पुढे तीच अडचण येणाऱ्यांना ते आयतं मिळतं. प्रश्नाचा एक नमुनाही तयार ठेवा: काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि एरर मेसेज जसाच्या तसा. मेसेज टाइप किंवा कॉपी करून द्यायला सांगा, कारण स्क्रीनच्या फोटोतली अक्षरं सहसा सर्चमध्ये सापडत नाहीत.

नियम थोडेच असू द्या. वस्तू कंपनीकडून फुकट मिळाली असेल किंवा आपण त्याच कंपनीत नोकरीला असू, तर ते आधी सांगायचं. एआयबद्दलही आताच ठरवा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली, कारण ती वाचायला पटत पण बऱ्याचदा चुकीची असत आणि तपासणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती. स्वतः करून पाहिलं नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं, एवढा नियम पुरतो.

सदस्य एकदम वाढवू नका. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचांवर दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत आणि जुनी मंडळी त्यांना वळण लावत. १९९३-९४च्या सुमारास व्यावसायिक ऑनलाइन सेवांचे ग्राहक बारा महिने येऊ लागले आणि ते वळण लावणं मागे पडलं. आठवड्याला जेवढ्यांचं नीट स्वागत करता येईल, तेवढ्यांनाच घ्या.

मॉडरेटर, म्हणजे चर्चेवर लक्ष ठेवणारे, निदान तीन हवेत. तक्रार मॉडरेटरचीच असेल तर ती कोण ऐकणार, हेही आधीच लिहून ठेवा.

राहिली मालकी. हा विषय काढायला संकोच वाटतो, तरी काढाच. २०२१ मध्ये फ्रीनोड या चॅट नेटवर्कच्या ताब्यावरून वाद झाला, तेव्हा ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी बाहेर पडून लिबेरा चॅट उभं केलं. डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर, नूतनीकरणाचे पैसे कोण भरणार, अ‍ॅडमिनचा प्रवेश कोणत्या दोघांकडे, सदस्यांनी लिहिलेला मजकूर कोणत्या परवान्याखाली, हे सगळ्यांना दिसेल असं मांडा. बॅकअप आपोआप होतोय एवढ्यावर विसंबू नका. तो दुसऱ्या मशीनवर एकदा पूर्ण रिस्टोअर करून बघा.