कुत्र्याची गोचीड काढताना

पिसू उड्या मारते, गोचीड कातडीत तोंड रुतवून बसते. त्यामुळे आंघोळीने किंवा कंगव्याने ती निघत नाही. आधी कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात बोटांनी चाचपा. मसुरीएवढी कडक गाठ लागली की केस बाजूला करा. पाय दिसले तर गोचीड, नाहीतर चामखीळ. चामखीळ ओढू नका!

बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड पोटाला नव्हे, अगदी कातडीलगत धरा आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढा. पोट दाबलं तर आतला जंतूंचा ऐवज जखमेत उतरू शकतो. रॉकेल, तेल, पेटती काडी हे उपायही त्याच कारणाने वाईट. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर उकरू नका, कातडी तो हळूहळू बाहेर ढकलते. गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. जागेवर पोव्हिडोन आयोडीन लावा.

रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून फटी बुजवणं गोचीड मारणाऱ्या औषधाइतकंच महत्त्वाचं. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तिला लावू नका, ते मांजरीच्या जिवावर बेततं.

पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप १०३ फॅरेनहाइटच्या वर, हिरड्या पांढरट, लघवी गडद किंवा नाकातून रक्त दिसलं तर गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या.