मोहिमेचं उद्दिष्ट लिहिताना

‘जनजागृती करणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ते कधी पूर्ण झालं, हे कोणालाच सांगता येत नाही. एका वाक्यात लिहा: कोणी, काय करायचं, किती जणांनी, कधीपर्यंत. उदाहरणार्थ, ‘लसीच्या पहिल्या डोसनंतर न फिरकलेल्या पालकांपैकी निम्म्यांनी ६ महिन्यांत बाळाला दुसऱ्या डोससाठी आणावं.’

आकडा टाकण्याआधी आजची स्थिती मोजा, नाहीतर वाढ कशाच्या तुलनेत सांगणार? बहुतेक आराखडे इथेच फसतात. पोस्ट, पत्रकं, बैठका ही झाली कामं, परिणाम नव्हेत. आणि अडसर माहितीचा नसून लसीकरण केंद्राच्या गैरसोयीच्या वेळेचा असेल, तर कितीही पोस्टर लावा, आकडा हलणार नाही. आधी वेळ बदलून घ्या.

दोन-तीन उद्दिष्टं पुरेत. प्रत्येकापुढे मोजणाऱ्याचं नाव लिहा.