हॉट टबचं तापमान मोबाइलवर: सेन्सर कुठे बसवाल?

डीएस१८बी२० हा स्टीलच्या नळीतला जलरोधक तापमान-सेन्सर ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या सर्किट बोर्डला जोडा. डेटा आणि ३.३ व्होल्टच्या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच, नाहीतर सेन्सर सापडतच नाही. बोर्डवर चालणाऱ्या ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमधून आकडा होम असिस्टंट या घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या प्रणालीत, म्हणजे मोबाइलवर, येतो; दर ६० सेकंदांनी वाचन पुरे, पाणी काही झटक्यात तापत नाही.

खरी मेख जागेची. सेन्सर थेट पाण्यात सोडला तर क्लोरीनमुळे सेन्सरची नळी गंजते आणि केबलच्या सांध्यातून पाणी आत शिरतं. त्यापेक्षा पाइपवर थर्मोवेल (पाण्यात शिरणारी, टोकाला बंद असलेली धातूची नळी) बसवून त्यात उष्णता नीट पोहोचवणारी थर्मल पेस्ट लावलेला सेन्सर सरकवा. मात्र पंप बंद असताना पाइपमधलं पाणी गार होतं, म्हणून पंप सुरू होऊन दोन-तीन मिनिटं झाल्यावरचाच आकडा धरा.

अचानक ८५ अंश दिसले तर घाबरू नका, तो सेन्सर चालू होतानाचा मूळ आकडा असतो. उणे १२७ म्हणजे बहुधा तार सुटली. हे दोन्ही आकडे ईएसपीहोममधल्या फिल्टरने गाळा. ४० अंशांच्या वर गेल्यास सूचना लावा, आणि १५ मिनिटं वाचनच आलं नाही तरीही. हीटरचा मूळ सुरक्षा-कटआउट (पाणी फार तापल्यास हीटर आपोआप बंद करणारा स्विच) मात्र या यंत्रणेच्या भरवशावर काढू नका.