कोलोरॅडोतली ग्रॅव्हलची खाण आणि नदीला द्यायचं भरपाईचं पाणी: या चुका टाळा

आपल्याकडे खडी म्हटलं की डोंगर, सुरुंग आणि क्रशर. कोलोरॅडोत साउथ प्लॅट नदीच्या काठी सपाट जमीन खणून वाळू-गोटे काढतात. थोडं खाली गेलं की भूजल लागतं. ते उघडं पडलं की त्याची वाफ होते आणि तेवढं पाणी नदीला कमी पडतं. नदीवर 1860च्या दशकापासूनचे हक्कदार बसलेले आहेत, आणि ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी, हा तिथला कायदा. म्हणून खाणवाल्याला भरपाईची योजना स्टेट इंजिनिअरकडून, म्हणजे राज्याचं पाणीवाटप पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून, मंजूर करून घ्यावी लागते. ही मंजुरी ठरावीक मुदतीची असते. कायमची सोय हवी तर वॉटर कोर्टात, म्हणजे पाणीहक्कांच्या न्यायालयात जायचं. तिथे कामाला लागणाऱ्या आपल्याकडच्या इंजिनिअरांची गाडी बहुतेक वेळा पुढच्या ठिकाणी अडते.

“आम्ही पंपच लावला नाही, मग भरपाई कसली?”

ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी समजूत. भूजल उघडं पाडणारा खाणीचा खड्डा ही कायद्याने विहीरच, असा निकाल कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली थ्री बेल्स रँचच्या खटल्यात दिला. पाठोपाठ 1989मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि 31 डिसेंबर 1980पर्यंत उघड्या पडलेल्या पाण्याला बाष्पीभवनाच्या भरपाईतून सूट मिळाली. ही सूट तेव्हाच्या क्षेत्रापुरती आहे. खड्डा पुढे वाढवला तर वाढीव पाण्याचा हिशोब द्यावा लागतो. जुने हवाई फोटो काढून क्षेत्र आधीच मोजून ठेवा.

वर्षाची बेरीज जुळली म्हणून निर्धास्त राहणं

खरी गोम इथे आहे. समजा 20 एकर पाणी उघडं आहे आणि पावसाची वजावट करून वर्षाला अडीच फूट बाष्पीभवन होतं. म्हणजे 50 एकर-फूट (एका एकरावर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट), सुमारे 6 कोटी 17 लाख लिटर. पण हे बारा महिन्यांत सारखं वाटायचं नसतं. साडेसहा हजार फुटांखालच्या भागासाठी वापरतात त्या कोष्टकात जुलैचा वाटा 15 टक्के आहे, जानेवारीचा 3. म्हणजे जुलैत साडेसात एकर-फूट, जानेवारीत दीड.

आता हे पाणी आणायचं कुठून? बरेच जण जुन्या पाटाचे शेअर, म्हणजे त्याच्या पाण्यातला वाटा, घेतात. पाट वाहतो साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. नदीवर हिवाळ्यातही जुन्या हक्काची मागणी (आधी आमचं पाणी द्या, नव्यांनी थांबा) लागू असू शकते, कारण तेव्हा जलाशय भरले जातात. तुमचा पाट कोरडा आणि देणं मात्र चालू! त्यासाठी साठवण तरी हवी, नाहीतर एखाद्या शहराकडून पुनर्वापराचा हक्क असलेलं सांडपाणी भाड्याने घ्यायला हवं. करार करताना महिनावार तक्ता समोर ठेवा, नुसता वर्षाचा आकडा नको.

शेअरच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. पाटातून वळवलेलं सगळं पाणी भरपाईला धरता येत नाही. पिकाने पूर्वी खरोखर जेवढं खाल्लं तेवढंच आपलं. शेतातून पाझरून नदीत परत जाणारं पाणी पूर्वीसारखंच जात राहिलं पाहिजे, आणि ती जमीन कोरडी ठेवावी लागते. कोरडी म्हणून लिहून दिलेल्या तुकड्यावर अल्फाल्फा (लसूणघास) डुलताना दिसला, तर जमा धरलेलं पाणी हातचं गेलं समजा.

ट्रकमधून जाणारं पाणी विसरणं

धुतलेला माल ओला जातो. भूजलाखालून काढून धुतलेल्या मालासाठी वजनाच्या 4 टक्के पाणी धरण्याची पद्धत आहे. वर्षाला 3 लाख अमेरिकन टन माल गेला तर जवळजवळ 8.8 एकर-फूट पाणी गेलं. धूळ बसवायला रस्त्यावर मारलेलं पाणी वेगळं मांडायचं.

खाण बंद, म्हणून भाडेकरारही बंद

खाणीतला पाण्याचा खर्च नदीला त्याच दिवशी जाणवत नाही. वाळूच्या थरातून परिणाम पोहोचायला महिने, कधी वर्षं लागतात. ग्लोव्हरच्या पद्धतीने, म्हणजे भूजलाच्या एका गणिती सूत्राने, हा उशीर काढतात. त्यामुळे शेवटचा ट्रक गेल्यावरही देणं उरतंच. शिवाय पाणी उपसून खड्डा कोरडा ठेवला असेल आणि पंप बंद केले, तर खड्डा पुन्हा भरताना जे भूजल आत येतं तेही खर्चात. हा आकडा मोठा असतो आणि योजनेत नेमका हाच राहून जातो.

पाणी दिलं, पण मोजलं नाही

पाटाच्या दाराशी पार्शल फ्ल्यूम, म्हणजे प्रवाह मोजायची अरुंद गळ्याची नाली, असतो, त्यातून मोजून पाणी नदीत सोडतात. वरच्या बाजूला गाळ साचला, फ्ल्यूम एका अंगाला कलला किंवा खालून पाणी तुंबलं, की पट्टीवरचा आकडा खोटा. आठवड्याला एकदा गाळ काढा आणि पट्टीचा शून्य तपासा. फोटोही ठेवा. वॉटर कमिशनर, म्हणजे नदीवरच्या पाणीवाटपावर देखरेख करणारा सरकारी माणूस, प्रत्यक्ष येऊन बघतो. पाणी सोडायची जागाही महत्त्वाची: मागणी करणाऱ्या हक्कदाराच्या दाराच्या खाली सोडलेलं पाणी त्याच्या काय कामाचं? वाटेतली वहनघटही वजा करावी लागते.

अस्तराच्या भरवशावर राहणं

खड्ड्याभोवती अस्तर म्हणून बेंटोनाइटची (पाणी झिरपू न देणाऱ्या चिकणमातीची) भिंत घातली की भूजलाशी संबंध तुटतो आणि भरपाई थांबते, हे खरं. पण 90 दिवसांची गळती चाचणी मान्य होईपर्यंत खड्डा विनाअस्तराचाच धरतात. भिंतीचं काम सुरू झालं म्हणून भरपाईच्या पाण्याचा करार मोडू नका. खाण खात्याची एप्रिल 2010ची भूमिकाही लक्षात ठेवा: उघडं पाणी मागे टाकून कंपनी निघून गेली तर खड्डा बुजवायला किंवा अस्तर घालायला पैसा हवा, म्हणून तेवढं तारण किंवा कायमचं पाणी दाखवा. तारणाची रक्कम भूजल उघडं पडण्याआधी ठरवून घ्या. नंतर खात्याशी घासाघीस करायला हातात काही उरत नाही.